मुंगी की वाळवी? पुण्यातल्या घरात नेमकं काय शिरलंय ते कसं ओळखाल

मेअखेरीस वळवाचा एक सणसणीत पाऊस पडून गेला की त्याच संध्याकाळी पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो यायला लागतात. ट्यूबलाइटभोवतीचे पंखवाले किडे, खिडकीच्या कट्ट्यावर पडलेला पंखांचा सडा, बाथरूमच्या चौकटीवर चढलेली मातीची रेघ. प्रश्न एकच, ‘ही वाळवी आहे का हो?’ उत्तरं मात्र डझनभर. कुणी रॉकेल ओतायला सांगतं, कुणी खडू ओढायला, कुणी ओळखीच्या पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर टाकून मोकळं होतं.

मुंगीला वाळवी समजलात तर पैसे वाया जातात, वाळवीला मुंगी समजलात तर चौकट जाते. दोघींवरचे उपायही वेगळे. त्यामुळे फवारा हातात घ्यायच्या आधी ओळख पक्की करायची. भिंगही लागत नाही, हल्लीच्या मोबाइलचा कॅमेरा पुरतो.

आधी हात आवरा

माती दिसली की ओल्या फडक्याने पुसून टाकायची, किडे दिसले की झाडून टाकायचे, हा आपला घरोघरचा शिरस्ता. इथे तो बाजूला ठेवा. पुसलेल्या भिंतीवरून कुणालाच काही सांगता येत नाही.

आधी फोटो काढा. एक जवळून, आणि एक लांबून, म्हणजे ती जागा घरात नेमकी कुठे आहे ते कळेल. मग पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा किड्यांवर हलकेच दाबा आणि काळ्या कागदावर किंवा मोबाइलच्या काळ्या कव्हरवर चिकटवा. वाळवीची कामकरी फिकट रंगाची असते, पांढऱ्या कागदावर ती हरवून जाते. किडे जपून ठेवायचे असतील तर छोट्या बाटलीत थोडं सॅनिटायझर ओतून त्यात टाका. वाळवीचं अंग मऊ असतं, उघड्यावर ती सुकून आक्रसते आणि दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही.

चालणाऱ्या किड्याकडे बघताना

सगळ्यात आधी वागणूक बघा. ओट्यावरून, भर उजेडात, एकामागून एक रांग लावून साखरेच्या डब्याकडे निघालेत, तर त्या मुंग्या. वाळवीचे कामकरी उघड्यावर असे फिरत नाहीत. उजेड आणि कोरडी हवा त्यांना सोसत नाही, म्हणून जिथे जायचं तिथे मातीचं छत घेऊन जातात.

आता शरीर. तीन ठिकाणं बघितली की काम होतं.

पहिली कंबर. मुंगीची छाती आणि पोट यांच्यामध्ये अगदी बारीक देठ असतो. वाळवीला कंबर नाही, डोक्यामागून शेपटापर्यंत अंग सरळ.

दुसऱ्या मिशा, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका. मुंगीच्या मिशा कोपरातून वाकवल्यासारख्या काटकोनात असतात. वाळवीच्या सरळ आणि मणी ओवल्यासारख्या. मोबाइलवर फोटो मोठा केला की हा फरक स्पष्ट दिसतो.

तिसरा रंग, पण त्यावर फार विसंबू नका. मुंगी काळी, तांबूस किंवा पिवळसर असते, वाळवीचे कामकरी फिकट दुधी. फसगत मात्र दोन्हीकडे होते. स्वयंपाकघरात फिरणाऱ्या काही बारीक मुंग्यांचं पोट इतकं फिकट असतं की त्या पांढऱ्या वाटतात. पावसाच्या तोंडावर मुंग्या तोंडात पांढरे दाणे धरून पळताना दिसल्या की लोक ‘वाळवी निघाली’ म्हणून घाबरतात. ते दाणे म्हणजे मुंग्यांची अंडी, अळ्या आणि कोष. बिळात पाणी शिरायला लागलं की त्या आपली पिल्लं कोरड्या जागी हलवतात.

नात्याने बघितलं तर या दोघी एकमेकींच्या कुणीच नाहीत. मुंगी मधमाशी आणि गांधीलमाशीच्या कुळातली, वाळवी झुरळाच्या. दोघींच्या वसाहतीत राणी आणि कामकरी, बऱ्याचदा सैनिकही असतात म्हणून आपण त्यांना एका माळेत ओवतो. उलट मुंगी ही वाळवीची पक्की शत्रू. वाळवी ज्या मातीच्या नळीतून ये-जा करते ती फुटली की मुंग्या आत घुसून कामकरी उचलून नेतात. त्यामुळे मुंग्या दिसल्या म्हणजे वाळवी नाही असा अर्थ काढू नका. फुटक्या मातीच्या नळीत मुंग्यांची वर्दळ दिसली तर नळी वाळवीचीच असते, मुंग्या तिथे शिकारीला आलेल्या.

पंखवाले: इथेच सगळे फसतात

पंखवाली वाळवी पांढरी नसते, तपकिरी किंवा काळपट असते. त्यामुळे ‘काळी आहे म्हणजे मुंगी’ असं म्हणून लोक निश्चिंत होतात. मुंग्यांनाही पंख फुटतात, पावसाच्या सुमारास त्याही उडतात, आणि दोघी एकाच दिव्यावर येऊ शकतात.

ओळख पंखांवरून. दोघींनाही चार पंख. मुंगीचे पुढचे दोन मोठे, मागचे दोन लहान. वाळवीचे चारही सारख्या लांबीचे, पातळ, धुरकट, आणि शरीराच्या मागे बरेच लांब जाणारे. वाळवीचे पंख बुडाशी ठरलेल्या जागीच तुटतात, हलका धक्काही पुरतो. म्हणून रात्री दिव्यावर धुमाकूळ झाला की सकाळी कट्ट्यावर पंखांचा ढीग आणि जमिनीवर बिनपंखी किडे, जोडीने, एकामागे एक पळताना दिसतात. ते नर-मादी, नवीन वसाहतीसाठी जागा शोधणारे. मुंग्यांच्या बाबतीत घरात असा पंखांचा खच सहसा पडत नाही.

आता महत्त्वाचं. पंख सापडले म्हणजे घराला वाळवी लागली असं नाही. ते कुठून आले, हा खरा प्रश्न. ढीग खिडकीपाशी किंवा बाल्कनीच्या दिव्याखाली असेल, आणि त्या रात्री खिडकी उघडी असेल, तर पाहुणे बाहेरून आले. वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण अशा टेकड्यांच्या कडेला राहणाऱ्यांना हा अनुभव दरवर्षी येतो. टेकडीवरची वारुळं वाळवीनेच बांधलेली असतात आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर एकाच संध्याकाळी हजारो पंखवाले बाहेर पडतात. अशा वेळी तासभर बाल्कनीचा दिवा बंद ठेवा, खिडक्या लावा, सकाळी झाडून टाका. विषय संपला. त्यातले बहुतेक पाली, बेडूक आणि पक्ष्यांच्या पोटात जातात.

पण पंखवाले चौकटीच्या फटीतून, स्कर्टिंगच्या सांध्यातून किंवा स्विचबोर्डच्या कडेतून बाहेर येताना दिसले, किंवा बंद खोलीत पंख सापडले, तर वसाहत भिंतीत, लाकडात किंवा जमिनीखाली आहे. पंखवाले तयार व्हायला वसाहत जुनी व्हावी लागते, वर्षं जावी लागतात. म्हणजे प्रकरण आजचं नाही.

मातीच्या खुणा वाचा

वाळवी क्वचितच दिसते, तिच्या खुणा दिसतात. म्हणून हा टप्पा मी सगळ्यात वरचा धरतो.

वाळवीची नळी म्हणजे भिंतीला किंवा लाकडाला चिकटलेली मातीची रेघ, साधारण पेन्सिलीइतकी रुंद, कुठे फाटे फुटलेली. ही माती लाळेने आणि विष्ठेने कालवून लिंपलेली असते, हात लावला तर लगेच झडत नाही. रेघ बहुधा जमिनीच्या बाजूने सुरू होऊन लाकडाकडे, पुठ्ठ्याकडे किंवा ओलीकडे जाते.

मुंग्यांची माती वेगळी. फरशीच्या सांध्यापाशी किंवा भिंतीच्या बुडाशी कोरड्या, सुट्या कणांचा छोटा ढीग, मध्ये भोक. फुंकर मारली की उडतो. बीळ खणताना बाहेर टाकलेला हा राडारोडा, त्यात लिंपणकाम नाही. नव्या फ्लॅटमध्ये फरशीखालच्या रेतीत मुंग्यांनी घर केलं की असे ढीग रोज सकाळी निघतात आणि घरमालक हवालदिल होतात.

तिसरी माती कुंभारमाशीची. खिडकीच्या कोपऱ्यात, पडद्याच्या पाइपावर, कधी पंख्याच्या कपात मातीचा एक गोळा किंवा आडवे कप्पे. तो एकटाच असतो, कुठून आला आणि कुठे चालला अशी रेघ त्याला नसते. त्यात माशीची एखादी अळी आणि तिच्यासाठी बेशुद्ध करून ठेवलेले कोळी किंवा अळ्या सापडतील. लाकडाशी त्याचा संबंध नाही.

माती नसून भुकटी किंवा दाणे असतील तर वेगळा गुन्हेगार. फर्निचरखाली मैद्याइतकी बारीक पिवळसर भुकटी आणि लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली, तर लाकडाला भुंगा लागलाय, वाळवी नाही. बांबू आणि कच्च्या लाकडात हे फार दिसतं. भुकटीऐवजी रव्याएवढे कडक, कडा असलेले, एकसारखे दाणे मिळाले तर कोरड्या लाकडात राहणाऱ्या वाळवीची शक्यता. तिला जमिनीशी संबंध लागत नाही, मातीची नळी ती बांधत नाही, आणि बऱ्याचदा ती विकत आणलेल्या फर्निचरमधूनच घरात येते.

पुस्तकं असलेल्या घरात आणखी दोन संशयित. पावसाळ्यात दमट कपाटात कागदावर धावणारे, जेमतेम मिलिमीटरभराचे फिकट किडे म्हणजे पुस्तकातल्या उवा. त्या बुरशीवर जगतात, कपाट कोरडं केलं की जातात. चंदेरी, निमुळती, झपकन पळणारी ती कसर. ती कागदाचा वरचा थर आणि बांधणीची खळ खरवडते. वाळवी पानांच्या गठ्ठ्यातून आरपार जाते आणि मागे माती भरते. पुस्तक उघडताना पानं मातीने चिकटलेली असतील तर शंकेला जागाच नाही.

नळी उचकटून बघा

नळी सापडली की ती चालू आहे की जुनी, ते ठरवायचं. पूर्ण नळी तोडायची नाही. मधला बोटभर तुकडा नखाने किंवा सुरीच्या टोकाने अलगद उचला आणि टॉर्च लावून बघत राहा.

नळी चालू असेल तर आत क्षणभर गोंधळ दिसतो. फिकट, बिनडोळ्यांचे कामकरी उजेडाला पाठ करून दोन्ही तोंडांकडे पळतात. मग पिवळसर-तपकिरी डोक्याचे, मोठ्या जबड्यांचे सैनिक पुढे येऊन तुटलेल्या कडेवर उभे राहतात. काही जातींचा सैनिक काडीने डिवचल्यावर डोक्यावरच्या भोकातून दुधासारखा पांढरा थेंब सोडतो. थोडा वेळ थांबलात तर कामकरी एकेक ओला कण आणून कडेला चिकटवायला लागतात.

आत कुणीच दिसलं नाही तरी निकाल देऊ नका. तारीख टाकून फोटो काढा आणि दोन-तीन दिवसांनी परत बघा. तुटलेला भाग ओल्या, गडद मातीने बुजवलेला असेल तर वसाहत जिवंत. आठवडाभर तसाच उघडा राहिला तर ती वाट बहुधा सोडून दिलेली, पण वाळवी दुसऱ्या वाटेने चालू असू शकते.

लाकूड वाजवून बघा

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकटीवर खालून वर टकटक करत जा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कानाला लगेच कळतो. पोकळ वाटलं तिथे टोक दाबा. वाळवी लाकूड आतून, रेषांच्या दिशेने खाते आणि वरचा रंगाचा किंवा सनमायकाचा पापुद्रा शाबूत ठेवते. टोक सहज आत गेलं, आतून पापुद्रे आणि माती निघाली, तर वाळवी. पोकळी स्वच्छ असेल, माती नसेल आणि डोंगळे ये-जा करत असतील, तर डोंगळ्यांनी आधीच कुजलेल्या लाकडात बस्तान बसवलंय. मुंगी लाकूड खात नाही. तिथे खरा आजार पाणी गळण्याचा.

घरात आधी कुठे वाजवायचं? बाथरूमची चौकट सगळ्यात आधी, खालची वीतभर. मग सिंकखालचं कपाट, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या वॉर्डरोबची मागची फळी, वॉशिंग मशीनमागचं स्कर्टिंग आणि शेवटी माळा.

माळ्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं. गणपतीचं मखर, टीव्ही-फ्रिजचे पुठ्ठे, मुलांच्या वह्या, गोणपाट, हे सगळं आपण भिंतीला चिकटवून ठेवतो आणि भाद्रपद येईपर्यंत तिकडे फिरकत नाही. वाळवीला यापेक्षा सुरक्षित जेवण मिळणार नाही. तळमजल्यावर तशीच गोष्ट दिवाळीच्या किल्ल्याची. किल्ला हवाच, पण इमारतीच्या भिंतीला टेकवून केलेला मातीचा ढीग तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी तिथेच असतो. आत विटा, फळकुटं आणि पोती. जमिनीतून भिंतीत जायला वाळवीला तो आयता आडोसा. किल्ला भिंतीपासून दोन हात लांब करा आणि सुट्टी संपली की माती उचला.

पेठांतल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी सागवानी खांबाच्या बुडाशी वाकून बघा. खांब जमिनीत गाडलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो. त्यामुळे लाकूड मातीपासून दूर राहतं आणि नळी चढली तर दगडावर दिसते. पुढे कुणी फरशी उंच करून तळखडाच गाडून टाकला असेल, तर ती सोय गेली. ‘सागाला वाळवी लागत नाही’ यावरही फार विसंबू नका. जुन्या सागाचा गाभा खरंच टणक आणि वाळवीला नकोसा असतो. बाहेरचं फिकट, कच्चं लाकूड तसं नसतं, आणि आजच्या फर्निचरमध्ये साग वरच्या पातळ थरापुरता, आत प्लाय.

वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पाण्याच्या पाइपांच्या डक्टमधून आणि वायरिंगच्या पाइपांतून वाळवी मजले चढते. गच्चीची किंवा बाथरूमची गळती असेल तर वरही तिला हवी ती ओल मिळते.

मुंग्या निघाल्या तर

सुटलात. रांगेवर फवारा मारू नका. त्याने बाहेर फिरणाऱ्या मरतात, राणी आत मजेत असते. काही घरगुती जातींची वसाहत तर अशा त्रासाने फुटून दोन-तीन ठिकाणी वसते. रांग साबणाच्या पाण्याने पुसा, म्हणजे वासाची वाट मोडते. मग आमिष ठेवा. कपभर कोमट पाण्यात आठ चमचे साखर आणि अर्धा चमचा टाकणखार विरघळवायचा, कापसाचे बोळे भिजवून बाटलीच्या झाकणात रांगेच्या वाटेवर ठेवायचे. टाकणखार जास्त घातला तर मुंग्या वाटेतच मरतात, घरी नेत नाहीत. साखरेला तोंड लावत नसतील तर टाकणखार शेंगदाण्याच्या कुटात मिसळून बघा. आठवडाभर धीर धरा. लहान मुलं आणि मांजर-कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही अशीच जागा निवडा, आणि गर्दी ओसरली की फट पांढऱ्या सिमेंटने बुजवा.

वाळवी निघाली तर

एक-दोन आठवड्यांत घर कोसळत नाही. शांतपणे, पण या मोसमातच काम करून घ्या. रॉकेल, मिरचीपूड, खडू यांनी नळी जागा बदलते, वसाहत जमिनीखाली शाबूत राहते. रॉकेलने आगीचा धोका तेवढा वाढतो. नळ्याही पुसू नका, काम करणाऱ्याला त्यांच्यावरूनच वाट कळते.

ओल कुठून येते ते शोधून गळती आधी बंद करा. पाणी तसंच राहिलं तर औषधाचा खर्च पुन्हा करावा लागतो.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावताना कीटकनाशक कायद्याखालचा परवाना बघायला मागा. औषधाचं नाव विचारा आणि बाटलीवरचं लेबल प्रत्यक्ष बघा. राहत्या इमारतीत वाळवीचं काम कसं करायचं याचं भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा भाग ३. त्यानुसार भिंत आणि फरशीच्या सांध्याला सुमारे १२ मिलिमीटरची भोकं साधारण फूटभर अंतराने पाडून औषध खालच्या मातीत मुरवतात, मग भोकं बुजवतात. लाकडात वेगळी बारीक भोकं. ‘ड्रिल नको, नुसतं फवारून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. हमी लेखी घ्या आणि तिच्यात पुन्हा तपासणीला कधी येणार ते लिहून घ्या. कामाच्या दिवशी फिशटँक, पिण्याचं पाणी आणि तान्ह्या बाळाची सोय दुसरीकडे करा.

तळमजल्यावरच्या किंवा पार्किंगला लागून असलेल्या घरात वाळवी निघाली तर सेक्रेटरींना सांगा. जमीन सगळ्यांची आहे. एकाच फ्लॅटखाली औषध घातलं तर वाळवी शेजारच्यांकडे सरकते आणि भांडणं उरतात. नवीन इमारतीत ताबा घेताना पायाभरणीच्या वेळच्या वाळवी-प्रतिबंधक उपचाराचं प्रमाणपत्र बिल्डरकडून मागून घ्या.

सोसायटीतल्या आंब्या-गुलमोहराच्या बुंध्यावर मातीचा लेप दिसला म्हणून मात्र झाड तोडायला निघू नका. ती वाळवी बहुतेक वेळा वाळलेली साल खाते. लेप पाण्याने धुवा, बुंधा वाजवून आतून पोकळ नाही ना तेवढं बघा. टेकडीवरचं वारूळही मोडायचं कारण नाही. तिथली वाळवी पालापाचोळ्याची माती करते, आणि पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी शोधत खवय्ये रानोमाळ हिंडतात ते वेगळंच.

खराब झालेलं लाकूड काढलं तर ते जिन्याखाली ठेवू नका किंवा भंगारवाल्याला तसंच देऊ नका, आधी दिवसभर कडक उन्हात सुटं करून टाका. जुनं फर्निचर विकत घेताना ते टेम्पोत चढवण्याआधी उलटं करा, पायांचे तळ आणि मागची फळी बघा, ड्रॉवर काढून आत टॉर्च मारा, आणि खाली वर्तमानपत्र पसरून दोन-चार टोले द्या. कागदावर दाणे, भुकटी किंवा माती पडली तर तो तुकडा दुकानातच राहू द्या.